फूल, दगड कीं प्राणी?



गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीच्या भेटीस गेलों असतां एका वृद्ध भगिनीनें आपल्या गळ्यांतील दोऱ्यांत ओंवलेला तांबडा मणी मला दाखविला व विचारिलें, "पाळकसाहेब, हें पोंवळें झाडाला लागतें कीं खाणींत सांपडतें? माझी सासू म्हणे कीं समुद्रांतल्या झाडाला लागतें. आणि आमचा थोरला म्हणतो कीं हा दगडच आहे." मीं म्हटलें, "आजी, तुमच्या सासूबाईहि चुकल्या आणि थोरलाहि चुकला. परंतु मोठमोठे विद्वान् शेंकडों वर्षें हेंच म्हणत आले, म्हणून दोघांनाहि बोल लावूं नका." तेथें आमचे प्रचारक बंधु बसले होते. ही हकीकत पत्रांत सविस्तर लिहावी असा त्यांनीं आग्रह धरिला, म्हणून हा पाठ लिहीत आहें. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिलेला नाहीं हें मी जाणून आहें. त्यांनीं कंटाळूं नये. या प्राणिकुळाचा एक भाऊबंद त्यांच्या गांवच्या तळ्यांतहि सांपडेल, तो कसा शोधावा तें पुढें सांगतों.

पोंवळ्याचें नांव आपणांस नवें नाहीं. ईयोबाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत मोलाच्या वस्तूंच्या मालिकेंत तें आलें आहे. रोमी लेखक प्लिनी यानें पहिल्या शतकांतच लिहून ठेविलें आहे कीं, आमच्या लोकांस हिंदुस्थानच्या मोत्यांची जितकी आवड, तितकीच हिंदी लोकांस पोंवळ्यांची. दागिन्यांचें हें तांबडें पोंवळें मुख्यत्वें भूमध्य समुद्रांतून येतें, आणि त्यावर कोरीव काम करण्याविषयीं इटालींतील नेपल्स शहराजवळचें तोरे देल ग्रेको हें गांव फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. समुद्राच्या तळाशीं, खडकांच्या अंधाऱ्या कपारींत तें लहान झुडुपासारखें वाढतें. त्याची वाढ इतकी मंद कीं वर्षभरांत फांदीची जाडी एक मिलिमीटरहि वाढत नाहीं. आजींच्या गळ्यांतील मणी, खरा असेल तर, आजींपेक्षां वयानें लहान खास नसेल.

आतां हें झुडूप कशाचें? प्राचीन लोक म्हणत कीं तें पाण्यांत मऊ असतें व हवेंत येतांच दगड होतें. 1706 सालीं मार्सिली नांवाच्या एका इटालियन सरदारानें ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्यांत भांड्यांत ठेविल्या, तों त्यांवर आठ आठ पाकळ्यांचीं पांढरीं फुलें उमललेलीं त्यास दिसलीं. झालें! फूल आलें तेव्हां ही वनस्पतीच, असा निकाल लागला. पुढें मार्सेल्स येथील पेसोनेल नांवाचा एक तरुण वैद्य 1725 च्या सुमारास आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गेला. त्यानेंहि तसेंच भांडें भरून ठेविलें. पण तो केवळ पाहून थांबला नाहीं. बोट लावितांच फूल मिटतें, पाणी हलविलें तरी मिटतें, मेल्यावर सडून मांसासारखी दुर्गंधि सुटते, हें त्यानें ध्यानांत आणिलें आणि पॅरिसच्या विद्वत्सभेस कळविलें कीं, हें फूल नव्हे, हा जीव आहे, आणि पाकळ्या म्हणतां ते त्याचे हात आहेत.

त्या सभेंत रेओम्यूर नांवाचे मोठे नामांकित शास्त्रज्ञ होते. त्यांस हें मत इतकें हास्यास्पद वाटलें कीं, तें सभेपुढें मांडतांना त्यांनीं पेसोनेलचें नांवच गाळिलें. बिचाऱ्याची अब्रू जाऊं नये हा त्यांचा हेतु! पेसोनेल पुढें अमेरिकेकडील एका बेटावर वैद्य म्हणून निघून गेला. जें खरें होतें तें सुमारें पंधरा वर्षें तसेंच पडून राहिलें.

तें वर काढिलें एका शिक्षकानें. जिनीव्हा येथील अब्राहाम ट्रेंब्ले हा हॉलंडांत एका सरदाराच्या दोन मुलांस शिकवीत असे. 1740 च्या उन्हाळ्यांत त्या मुलांना घेऊन डबक्यांतील किडे पाहत असतां त्यास पाणवनस्पतीस चिकटलेले हिरवे, दोऱ्याएवढे जाड जीव दिसले. प्रथम त्यास ती वनस्पतिच वाटली. पण तिचे हात हलत होते. मग त्यानें युक्ति योजिली: हिचे दोन तुकडे करावे; दोन्ही जगले तर वनस्पति, मेले तर प्राणी. तुकडे केले, आणि दोन्ही जगले! इतकेंच नव्हे, तर खालच्या तुकड्याला नवें डोकें व हात फुटले आणि वरच्याला नवा बुंधा आला. त्याच्या कसोटीप्रमाणें ती वनस्पति ठरावयाची. परंतु हीच "वनस्पति" कोलांट्या घेत चाले, किडे पकडी व गिळून टाकी. ट्रेंब्लेनें कसोटी सोडिली आणि जें डोळ्यांना दिसलें तें धरिलें. त्यानें ते जीव रेओम्यूर यांजकडे पाठविले. ते पाहिल्यावर रेओम्यूर यांनीं 1742 सालीं छापून प्रसिद्ध केलें कीं, पेसोनेल खरा होता. आणि या वेळीं त्याचें नांवहि घातलें. मोठ्या माणसानें आपली चूक छापून कबूल करावी हें आमच्या मतें त्यांच्या पुष्कळ शोधांहून थोर आहे.

या तळ्यांतील जीवास हायड्रा म्हणतात. तो आपल्या इकडेहि आहे, आणि शाळेंत मुलांस दाखविण्यास याहून स्वस्त वस्तु मिळणार नाहीं. पावसाळा संपून पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, जेथें पाणी संथ व स्वच्छ असून आंत शेवाळ व पाणवनस्पति आहेत अशा तळ्यांतून कांचेच्या रुंद तोंडाच्या बाटलींत थोड्या वनस्पतींसह पाणी आणावें. बाटली खिडकींत, पण उन्हांत नव्हे, एक दिवस न हलवितां ठेवावी. दुसऱ्या दिवशीं उजेडाच्या बाजूस कांचेला किंवा पानाखालीं पांढुरके वा तपकिरी, अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीचे तंतू लोंबकळत आहेत काय तें पाहावें. त्या तंतूच्या शेंड्याला पांच-सहा बारीक हात दिसले म्हणजे हायड्रा सांपडला असें समजावें. एका बाटलींत न मिळाल्यास दुसरीकडचें पाणी आणावें; मला स्वतःला तो चवथ्या खेपेस मिळाला. पाण्यांतील पिसू म्हणून जे उड्या मारणारे ठिपके असतात, त्यांतला एखादा त्याच्या हाताला लागला तर काय होतें तें मुलांनीं भिंगांतून अवश्य पाहावें. पिसू धडपडतो, मग एकाएकीं थंड पडतो.

तो थंड कां पडतो, यांत या साऱ्या कुळाचें मर्म आहे. हायड्रा, पोंवळें, समुद्रपुष्प, जेलीफिश हीं वरवर किती निराळीं! समुद्रपुष्प खडकाला चिकटून कमळासारखें उमलतें, जेलीफिश छत्रीसारखा तरंगतो, पोंवळें तर दगडच. पण घडण एकच. शरीर म्हणजे एक पिशवी. तिला एकच तोंड, त्यांतूनच अन्न आंत जातें व त्यांतूनच उष्टें बाहेर पडतें. तोंडाभोंवतीं हातांचें कडें. भिंतीला कातड्याचे दोन पदर व मध्यें चिकासारखा थर. जेलीफिशमध्यें हा थर इतका फुगलेला असतो कीं त्याच्या वजनांत सुमारें 95 टक्के पाणीच भरतें. मेंदू नाहीं, हृदय नाहीं, रक्त नाहीं. मज्जातंतूंचें एक जाळें मात्र सर्व अंगभर पसरलेलें असतें. आणि हातांच्या कातड्यांत लाखों दंशपेशी. प्रत्येक दंशपेशींत एक सूक्ष्म कुपी, कुपींत गुंडाळलेली विषारी पोकळ नळी. कुपीच्या आंत सुमारें 150 वातावरणांइतका दाब भरलेला असतो. स्पर्श होतांच झांकण उडतें आणि नळी उलटी होऊन भक्ष्याच्या अंगांत शिरते. हायड्रामध्यें ही क्रिया एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागापेक्षांहि कमी वेळांत सुरू होऊन भेद पुरा होतो असें मोजून पाहिलें आहे. आमच्या खाजकुइलीच्या शेंगेवरील कुसळांची आठवण व्हावी; परंतु कुसळ नुसतें टोंचतें, ही पेशी नेम लागतांच बार काढते. आणि बार काढण्यास धन्याची आज्ञा लागत नाहीं. जेलीफिश मरून वाळूवर पडला, त्याचे हात तुटून पाण्यांत वाहत गेले, तरी त्यांतील न उडालेल्या कुप्या भरलेल्याच असतात.

हें मला ठाऊक नव्हतें तेव्हांची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. मी शिक्षण घेत असतांना सुटींत एका किनाऱ्यावरील वाडींत राहिलों होतों. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. दहा वर्षांचा एक मुलगा ओरडत पाण्याबाहेर आला. त्याच्या पोटरीला निळसर दोरे गुंडाळलेले होते. मी "मास्तर", म्हणजे शिकलेला. सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं मूठभर वाळू घेऊन ते दोरे खसखसून पुसून काढिले आणि माझ्या तांब्यांतील गोडें पाणी पायावर ओतलें. मुलगा अधिकच तळमळूं लागला. पाय सुजला, रात्रभर त्याला उलट्या होत होत्या. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो उठून बसला तेव्हां त्याचा बाप माझे आभार मानावयास आला. मी ते आभार घेतले. पुढें कित्येक वर्षांनीं वाचनांत आलें कीं, घासल्यानें न उडालेल्या कुप्या दाबल्या जाऊन उडतात, आणि गोड्या पाण्यानें कुप्यांच्या आंतबाहेरच्या खाऱ्या अंशाचा तोल बिघडून त्या अधिकच उडतात. मीं केलेल्या दोन्ही गोष्टींनीं त्या मुलाच्या अंगांत आणखी विष घातलें होतें.

म्हणून किनाऱ्यावरील प्रचारक बंधूंनीं हें नीट ध्यानांत ठेवावें. दंश झालेल्यास पाण्याबाहेर काढावें. त्या जागीं समुद्राचेंच पाणी ओतावें, गोडें नव्हे. दोरे चिमट्यानें किंवा काडीनें उचलून काढावे. उघड्या हातानें धरूं नयेत, वाळूनें वा फडक्यानें घासूं नये. मग तो भाग सोसवेल इतक्या कढत पाण्यांत, सुमारें 45 अंशांच्या, निदान वीस मिनिटें बुडवून ठेवावा; पाणी आधीं आपल्या हातावर पाहावें, नाहीं तर भाजण्याची इजा निराळीच. शिरका हा कांहीं जातींच्या दंशावर उपयोगी पडतो, पण सर्वच जातींवर सारखा नाहीं, म्हणून त्याच्या भरंवशावर राहूं नये. श्वास लागला, छातींत दुखूं लागलें, तोंड सुजलें, शुद्ध हरपूं लागली, किंवा दंश फार मोठ्या भागावर असला, तर एक क्षणहि न दवडितां रुग्णालय गांठावें. त्या मुलाच्या पायाला जे निळे दोरे होते ते बहुधा ज्याला इंग्रजींत "ब्ल्यू बॉटल" म्हणतात त्याचे असावेत. तो खरा जेलीफिश नव्हे. हवेनें फुगलेल्या निळ्या फुग्याखालीं अनेक जीवांची एकत्र वसाहत असते. पावसाळी वारा त्यास किनाऱ्याकडे लोटतो. 2018 च्या ऑगस्टांत मुंबईच्या चौपाट्यांवर ते मोठ्या संख्येनें आले व पुष्कळांस दंश झाले.

खऱ्या जेलीफिशचा जन्म कसा होतो हें कोडें मात्र एका खेडवळ पाळकानें उकलिलें, आणि तें आपल्या वाचकांस विशेष गोड वाटेल. नार्वे देशांतील मिखाएल सार्स यांचा जन्म 1805 सालीं बर्गेन येथें झाला. ते धर्मशास्त्र शिकून 1831 मध्यें किन नांवाच्या समुद्रकांठच्या मंडळीचे व 1840 पासून मांगेर येथील मंडळीचे पाळक झाले. उपासना, बाप्तिस्मे, लग्नें व प्रेतविधि आटोपून उरेल त्या वेळांत ते लहान होडींतून तळ खरवडीत. 1829 सालींच त्यांनीं दोन नव्या प्राण्यांचें वर्णन छापिलें होतें. एक म्हणजे खडकाला चिकटलेला, हायड्रासारखाच दिसणारा, कांहीं मिलिमीटर उंचीचा जीव. दुसरा म्हणजे एकावर एक बशा रचून ठेवाव्या तशा आकाराचा जीव. दोहोंना त्यांनीं निरनिराळीं नांवें दिलीं. परंतु पुढें वर्षानुवर्षें त्याच खाड्यांत पाहत राहिल्यावर त्यांस आढळलें कीं, पहिल्याचाच दुसरा होतो! त्या बारीक खुंटाला हिवाळ्याच्या अखेरीस आडव्या कांच्या पडतात, त्यांच्या बशा होतात, आणि एकेक बशी सुटून आपले आठ पंख उघडझांप करीत पोहूं लागते. ती बशी वाढून मोठी होते तो आपला जेलीफिश. जेलीफिशच्या अंड्यांतून जें पिल्लूं निघतें तें मात्र जेलीफिश नसतें. तें थोडे दिवस पोहून खडकाला चिकटतें आणि पुन्हां खुंट बनतें. म्हणजे आईसारखी मुलगी नव्हे, आजीसारखी नात. 1841 सालीं सार्स यांनीं ही सर्व हकीकत प्रसिद्ध केली, आणि आपणच नांवें दिलेले दोन प्राणी आपल्याच हातानें एक केले. 1854 सालीं ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथील विद्यापीठानें त्यांस अध्यापक नेमिलें. तोंवर तेवीस वर्षें ते पाळकच होते.

यावरून कोळी बंधूंच्या एका प्रश्नाचाहि उलगडा होतो. काल जाळ्यांत मासळी होती, आज सारें जाळें जेलीफिशनीं भरून जड झालें, हें कोणाचें करणें? कोणाचेंहि नव्हे. ते खुंट महिनेच्या महिने खडकांच्या पोटाशीं, शिंपल्यांवर, धक्क्याच्या खालच्या बाजूस कोणाच्या दृष्टीस न पडतां बसून असतात, आणि ऋतु आला म्हणजे हजारों खुंट एकदमच बशा सोडितात.

आतां पोंवळ्याकडे वळूं. समुद्रपुष्पासारखाच एक इवलासा जीव आपल्या बुडाशीं चुन्याची वाटी बांधतो, अंगावर कळ्या फुटून त्याचे शेजारी वाढतात, तेहि चुना घालतात. जुन्यांच्या चुन्यावर नवे बसतात. असें हजारों वर्षें चालून समुद्रांत भिंती उभ्या राहतात. आस्ट्रेलियाच्या ईशान्येस अशी भिंत सुमारें 2300 किलोमीटर पसरली आहे. (आजींचें तांबडें पोंवळें त्याच कुळाच्या दुसऱ्या शाखेचें, तें भिंती बांधीत नाहीं.) आपले लक्षद्वीप हें सबंधच या जीवांच्या चुन्याचें. समुद्रांत कंकणाकृति भिंत, मध्यें उथळ सरोवर व कडेवर नारळींचीं बेटें, पाण्यापासून फार तर कांहीं मीटर उंच.

भर समुद्रांत हें कंकण कशावर उभें राहिलें? भिंत बांधणारे जीव तर उजेडाच्या उथळ पाण्यांतच वाढतात. चार्ल्स डार्विन यांनीं 1842 सालीं पुस्तक लिहून सांगितलें कीं, प्रथम तेथें ज्वालामुखीचें बेट होतें. त्याच्या कांठाला पोंवळीं लागलीं. बेट हळूहळू खालीं बसत गेलें व पोंवळीं तितकीच वर वर बांधीत गेलीं. अखेर बेट बुडालें आणि कंकण उरलें. विशेष हें कीं, खरी पोंवळ्यांची भिंत पाहण्यापूर्वींच ही कल्पना त्यांस दक्षिण अमेरिकेंत सुचली होती. पुष्कळांस ती पटेना. 1952 सालीं प्रशांत महासागरांतील एनीवेटॉक या कंकणावर अमेरिकन लोकांनीं भोंक पाडीत नेलें, तेव्हां 1200 मीटरांहून अधिक जाडीचा चुना फोडल्यावर खालीं ज्वालामुखीचा काळा दगड लागला. आमच्या देशावरील वाचकांस आणखी एक नवल सांगतों. भूशास्त्रज्ञांच्या मतें सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं ज्या पाताळाग्नीनें आपल्या दख्खनचा काळा कातळ ओतिला, त्याच अग्नीच्या मागाहूनच्या कार्यानें लक्षद्वीपापासून मालदीव व चागोसपर्यंतची समुद्रांतील डोंगरओळ झाली. म्हणजे आमच्या विहिरी ज्या दगडांत खणल्या जातात, त्याचाच भाऊ त्या नारळींच्या बेटांखालीं बुडून आहे.

परंतु हें बांधकाम आज संकटांत आहे. भिंत बांधणाऱ्या जीवाच्या कातड्यांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करून आपल्या यजमानाला त्यांतील बहुतेक देतें, व यजमान त्याला आश्रय देतो. पोंवळ्याचा रंग पुष्कळ अंशीं या पाहुण्याचाच. उन्हाळ्यांतील नेहमींच्या उच्चांकापेक्षां पाणी केवळ एक अंशानें अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं ही जोडी मोडते. शैवाल बाहेर पडतें आणि पोंवळें हाडासारखें पांढरें होतें. तें लागलीच मेलेलें नसतें, उपाशी असतें. पाणी लवकर निवलें तर पाहुणा परत येतो. न निवलें तर मरण. 1998 सालीं लक्षद्वीपांत असा मोठा घात झाला. पुढें 2010, 2016 व 2024 या वर्षीं पुन्हां. दोन घातांमधील अवकाश भिंत सांवरण्यास पुरेनासा झाला आहे. समुद्राच्या तळाचा शंभरावा भागहि या भिंतींनीं व्यापिलेला नाहीं, तरी समुद्रांतील सुमारें चवथा हिस्सा जातींचे जीव कधीं ना कधीं त्यांच्या आश्रयास असतात. मासळीवर पोट असणाऱ्यांस याचा अर्थ सांगावयास नको. पाणी तापण्याचें मुख्य कारण म्हणजे कोळसा व तेल जाळून मनुष्यांनीं हवेंत सोडलेला वायु. लक्षद्वीपच्या बेटवाल्यांनीं त्यांतला किती जाळिला असेल?

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरहि पोंवळीं आहेत. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर तीं आढळतात. तेथील समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें 105 किलोमीटरांवर पाण्याखालीं एक पठार आहे, त्यावरहि विपुल आहेत. त्या पठाराला कान्होजी आंग्रे यांचें नांव आहे. ओहोटीच्या वेळीं खडकांवर फिरणाऱ्यांनीं जो खरबरीत, खळ्याखळ्यांचा दगड दिसेल त्यावर पाय देऊं नये. तो घर आहे आणि घरांत माणसें आहेत असें समजावें. भिंत बांधणारीं पोंवळीं उचलून आणणें वा विकणें हा 2001 पासून वन्यजीवांच्या कायद्यानें गुन्हाहि आहे.

हा पाठ लिहून झाल्यावर मी तो त्या आजींस वाचून दाखविला. सर्व ऐकून घेऊन त्यांनीं विचारिलें, "मग माझा मणी खरा कीं खोटा, हें कसें कळावें? कांचेला रंग देऊन विकतात म्हणे." मीं सांगितलें कीं, पोंवळें चुन्याचें असल्यामुळें त्यावर लिंबाचा रस पडला तर बारीक बुडबुडे येतील, कांचेवर येणार नाहींत. "मग टाकूं का थेंब?" मीं म्हटलें, "बुडबुडे आले तर मणी खरा ठरेल खरा, पण जेथें थेंब पडेल तेथें तो झिजेल." आजींनीं मणी मुठींत घेतला, क्षणभर विचार केला, आणि लिंबू चुलीजवळ परत ठेवून दिलें.